जपून घालवलेले आठ टक्के

नवा फोन आत्यांना भाच्यानं दिला. खोका उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आत बॅटरी कसली आहे?"

भाचा म्हणाला, "आत्या, लोक कॅमेरा विचारतात."

"लोकांना फोटो काढायचे असतात. मला हा टिकवायचाय."

आमच्या गोदामात सगळे त्यांना आत्याच म्हणतात. सुरुवात भाच्यापासून झाली. तो इथं फोर्कलिफ्ट चालवायला लागला आणि पहिल्याच दिवशी बॅटरी-रूमच्या दारातून ओरडला, "आत्या, माझी गाडी आधी!" तेव्हापासून ड्रायव्हर, हमाल, साहेब, सगळ्यांच्याच त्या आत्या. त्या म्हणतात, "एका भावाची बहीण होते. या कार्ट्यानं मला साऱ्या गोदामाची करून ठेवलं."

तो भाऊ आता नाही. पोराला आत्यांनीच वाढवलं.

मी त्याच गोदामात माल पाठवायच्या टेबलावर बसते. समोर काच आहे, काचेपलीकडे बॅटरी-रूम. मी साहित्यात पदवी घेतली आहे हे कळलं तेव्हा आत्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "साहित्य? मग हिला कुठल्या रॅकवर ठेवायचं?" त्या दिवसापासून मी 'साहित्य'. "ए साहित्य, चहा झाला का?" आमची मैत्री एवढ्यावर सुरू झाली. वयात तीस वर्षांचं अंतर आहे. त्यांना ते कधी दिसलं नाही.

बॅटरी-रूम म्हणजे लांबट खोली, एका बाजूला चार्जर, दुसऱ्या बाजूला लोखंडी चौकटीत ठेवलेल्या बॅटऱ्या. फोर्कलिफ्टची बॅटरी खिशात मावणारी नसते. ती शिशाची पेटी असते, लहान कपाटाएवढी, आणि उचलायला यंत्र लागतं. आत आम्ल. हवेत सतत आंबट वास. आत्यांच्या जाड एप्रनला बारीक बारीक भोकं आहेत, प्रत्येक भोक म्हणजे उडालेला एक थेंब. त्या या खोलीत झाडू मारायला म्हणून आल्या होत्या. इथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, तेव्हा तो आत्यांना आम्ल मोजायच्या काट्यावरचा आकडा वाचायला लावायचा. आकडा वाचता वाचता त्या काम शिकल्या. तो गेला आणि खोली त्यांच्याकडे राहिली, कारण दुसऱ्या कुणाला ती नकोच होती.

खोलीचे नियम आत्यांचे. गाडीत पाचवा हिस्सा चार्ज उरला की आत आणायची. त्याआधी आणली तर परत पाठवणार, त्यानंतर आणली तर शिव्या. एकदा लावली की पूर्ण भरल्याशिवाय काढायची नाही. भरली की थंड होऊ द्यायची, मग सेलमध्ये शुद्ध पाणी घालायचं. आणि आठवड्याच्या सुट्टीला जादा चार्ज. भरलेल्या बॅटरीला मुद्दाम आणखी चार्ज द्यायचा, म्हणजे आतले मागे पडलेले सेल पुढच्यांच्या बरोबरीला येतात.

"वर्गात मास्तर थांबवून घेतात ना ढ पोरांना," त्यांनी मला समजावलं होतं, "तसं."

बॅटऱ्यांना त्यांनी नावं ठेवली होती. एक 'आळशी', एक 'धाकटी', एक 'सासू'. सासू केव्हाच भंगारात जायला हवी होती. आत्यांनी ती चालती ठेवली. "सासू कुणाची लवकर जाते?" त्या म्हणायच्या.

अशा बाईच्या हातात नवा फोन आला.

भाच्यानं देताना फोनमध्ये एक सोय करून दिली होती. ऐंशी टक्क्यांवर चार्ज आपोआप थांबायचा. आत्यांना ते कळलं आणि त्या भडकल्या. "पाहुण्याला पाऊण ताट वाढून उठवतात का? हे कुणी शिकवलं तुला?" स्वतः चष्मा लावून, सेटिंगमध्ये बोटं घालून घालून त्यांनी ती सोय बंद केली. फोन दोनदा विचारत होता, नक्की का म्हणून. त्या म्हणाल्या, "नक्की म्हणजे काय, हज्जारदा नक्की."

मग फोन खोलीच्या नियमानं चालू लागला. पाचवा हिस्सा उरेपर्यंत हात लावायचा नाही. मग खोलीतल्या मोठ्या चार्जरच्या पत्र्यावर लावून ठेवायचा, कारण तिथलं बटण भरवशाचं. पत्रा कायम तापलेला. शंभर झाले तरी आत्या काढायच्या नाहीत. "मुरू दे."

सुट्टीच्या दिवशी एकदा मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वयंपाकघरात एकच चांगलं बटण. खिडकीखाली स्टूल, त्यावर फोन, वायर लावलेला. सकाळपासून लावलेला होता. स्टुलाजवळ कुणी जायचं नाही.

भाचा भिंतीला टेकून बसला होता. "ही जादा चार्जची वेळ आहे," तो मला म्हणाला. "फोन आला तरी घ्यायचा नाही. आत्या, अगं फोन आहे तो, बाळ नाही."

"बाळाला एवढं जपलं असतं तर तू असा झाला नसतास."

"कसा?"

"असा. भिंतीला टेकलेला."

फोनमध्ये एक आकडा असतो. बॅटरी नवी असताना किती चार्ज धरायची आणि आता किती धरते, ते तो सांगतो. सुरुवातीला शंभर. पुष्कळ लोक तो कधी उघडूनही बघत नाहीत. आत्या रोज बघायच्या. त्यांच्या खोलीत असाच आकडा घेऊन त्या आयुष्यभर जगल्या होत्या.

पहिल्यांदा आकडा खाली आला, तेव्हा त्या काचेवर टकटक करून मला घेऊन गेल्या. "बघ गं. मला नीट दिसत नाहीय का?"

"नव्याण्णव."

"काल शंभर होतं."

"आत्या, सगळ्यांचं होतं."

"सगळ्यांचं होऊ दे. माझं का?"

हे त्या चेष्टेत म्हणत नव्हत्या. मग त्यांनी जास्त जपायला सुरुवात केली. जादा चार्ज आठवड्यातून दोनदा. आकडा आणखी घसरला. त्या आणखी जपू लागल्या. जेवताना फोन समोर ठेवायच्या. वापरणं जवळजवळ बंदच केलं. भाच्याला फोन करायचा असला तर माझ्याकडे यायच्या, "तुझा दे, माझा दमतो."

मी म्हटलं, "दुकानात दाखवा."

"काय सांगू तिथं? बॅटरी-रूमवालीची बॅटरी गेली म्हणून?"

तिथं मला कळलं काय दुखत होतं ते. सासूसारखी बॅटरी ज्या हातांनी चालती ठेवली, त्याच हातांत ही नवीकोरी झिजत होती. आणि का झिजते ते त्यांना कळत नव्हतं.

त्याच सुमारास गोदामात बातमी आली. शिशाच्या बॅटऱ्या जाणार. नव्या गाड्या येणार, लिथियमच्या, फोनमध्ये असते त्याच जातीच्या बॅटरीच्या. बॅटरी-रूम बंद होणार.

साहेबांनी आत्यांना बोलावून सांगितलं की त्यांना पॅकिंगला घेऊ. बसून काम, पंख्याखाली. साहेब मनानं वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की ते चांगलं काहीतरी देतायत. आत्यांनी ऐकून घेतलं. "बघते" म्हणाल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "खोक्याला चिकटपट्टी लावायला बोलावतायत. मला. चिकटपट्टी."

नव्या गाड्या दाखवायला बॅटरीकंपनीचा माणूस आला. तरुण, हसरा, नीट बोलणारा. जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. ड्रायव्हर पुढे, कारण त्यांना उत्साह होता. बॅटरी बदलायला रांगेत उभं राहायचं नाही, आत्यांच्या शिव्या खायच्या नाहीत. भाचा पहिल्या रांगेत. आत्या मागे भिंतीपाशी, एप्रनसकट. मी त्यांच्या शेजारी.

तो माणूस पडद्याकडे बोट करत म्हणाला, "पाणी नाही. आम्ल नाही. वेगळी खोली नाही. देखभालीला माणूस नाही." शेवटचं त्यानं बाकीच्यांइतक्याच सहज म्हटलं. "जेवायला गेलात, लावा. चहाला गेलात, लावा. संपलं."

ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.

आत्या उठल्या. "माझ्याकडे एक आहे," त्या म्हणाल्या.

"काय आहे, मावशी?"

"आत्या," पुढून चारपाच जणांनी त्याला दुरुस्त केलं.

"तुमच्या जातीची बॅटरी." त्यांनी फोन वर धरला. "नवा आला तेव्हा शंभर होती. वर्ष व्हायचंय अजून. आज ब्याण्णव. आठ गेले. मी हिला डोळ्यांत तेल घालून जपलंय. जपून ही गत. तुम्ही म्हणता, जपायला माणूसच नको. मग तुमच्या गाड्यांचं काय होईल?"

साहेब खुर्चीत सरळ झाले. मला वाटलं, जिंकल्या.

तो माणूस हसला नाही. त्यानं विचारलं, "तुम्ही चार्ज कशी करता?"

आत्यांनी सांगितलं. परीक्षेत पाठ केलेलं उत्तर सांगावं तसं, मान वर करून. पाचवा हिस्सा, पूर्ण भरणं, मुरू देणं, चार्जरचा पत्रा, सुट्टीचा जादा चार्ज. काही सोडलं नाही. ते ऐकताना त्याचा चेहरा बदलत गेला. तो दुःखी दिसू लागला. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"आत्या, रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं ते जुन्या बॅटरीला अगदी बरोबर आहे. हिला उलटं लागतं. काठोकाठ भरून तासन्‌तास ठेवलेलं हिला सोसत नाही. उष्णता तर मुळीच नाही. आणि जादा चार्ज नावाचं हिच्यात काही नसतंच. हिचे आठ टक्के गेले ते..." तो थांबला.

"बोला."

"ते काळजीनंच गेले."

पुढून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आत्यांनीच मारली!"

सगळे हसले. भाचाही हसला. मग त्याचं हसू मधेच तुटलं आणि तो मागे वळून बघू लागला.

मी खाली फरशीकडे बघत होते. त्या बसतील असं वाटलं. मी त्यांच्यासाठी खुर्ची थोडी पुढे सरकवली.

त्या बसल्या नाहीत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हसून झालं की सांगा." त्यांनी हसू संपेपर्यंत वाट पाहिली. मग त्या माणसाला म्हणाल्या, "म्हणजे ही बॅटरी माणसाच्या हातानं बिघडते."

"तसं म्हणजे... वापरावर असतं."

"माझ्या हातानं बिघडली की नाही?"

"हो."

"मग कशी लावायची हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातानं बिघडते."

"हो, पण गाडीत कॉम्प्युटर असतो, आत्या. तो सगळं सांभाळतो."

"फोनमध्येही होता. तो ऐंशीला थांब म्हणत होता. मी त्याचं तोंड बंद केलं. मला, या वयात, चष्मा लावून जमलं. या पोरांना किती वेळ लागेल?" त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला. "हा माझा भाचा. याला घाई असली की हा हॉर्नची वायर काढून ठेवतो. तुमचा कॉम्प्युटर गाडी हळू चालवा म्हणाला, गाडी तापलीय म्हणाला, तर हा ऐकेल?"

"आत्या!" भाचा म्हणाला.

"गप. मी जपून आठ घालवले. हे न जपता किती घालवतील, ते तुमच्या पडद्यावर लिहिलेलं नाही. आधी ते लिहा. मग माणूस नको म्हणा."

साहेब उठले. "आत्या, पुरे आता. ठरलेलं आहे सगळं."

"तुमचं ठरलंय, साहेब. माझं नाही."

आणि त्या हॉलमधून निघून गेल्या. कामाची वेळ झाली होती.

मी त्यांच्या मागे बॅटरी-रूममध्ये गेले. एवढी पुस्तकं वाचली, पण भर सभेत चुकीचा ठरलेला माणूस त्याच चुकीवर पाय रोवून उभा राहतो, असं कुठं वाचलं नव्हतं. त्या धाकटीत पाणी घालत होत्या.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं. एवढी चांगली वस्तू माझ्या हातानं गेली याचं. त्याच्या बोलण्याचं कशाला? खरं बोलला तो."

"मग भांडलात कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच सोपं गणित चुकले. "चुकले म्हणून जायचं कुणी सांगितलं? चुकले ते चुकले. शिकेन. जाईन कशाला?"

तेवढ्यात भाचा दारात आला. आत यायला कचरत होता.

"ये," आत्या म्हणाल्या. "हसलास ना?"

"सगळे हसले म्हणून..."

"आता शिकव."

"काय?"

"तो बोलला ते सगळं. तुला येतं ना? तूच तर पहिल्या दिवशी ऐंशीवर बांधून दिलं होतंस. तेव्हा मला नीट सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

आत्यांनी विचार केला. "नसतं ऐकलं. आता ऐकते. बस."

तो उलट्या बादलीवर बसला आणि सांगू लागला. आत्या विद्यार्थी म्हणून भयंकर. प्रत्येक वाक्याला का. भरलेली का नको? तापलेली का नको? थोडं थोडं चार्ज केलं तर कसं चालतं? त्याला येईना तेव्हा तो फोनवर शोधून वाचून दाखवू लागला. वाचताना घाम पुसत होता.

"म्हणजे ना भरलेलं ना रिकामं," आत्या शेवटी म्हणाल्या. "हिला काय मधोमध जगायचं असतं?"

"तसंच समज."

"मग माझ्या जातीची नव्हेच ही." मग हळूच विचारलं, "गेलेले आठ परत येतात का रे? आळशीचे थोडे आले होते मागे, जादा चार्ज दिल्यावर."

"नाही, आत्या. हिचे येत नाहीत."

"काहीही केलं तरी?"

"बॅटरी बदलून मिळते. मी बदलून आणतो. नवी बसवतात, परत शंभर."

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "ब्याण्णव आहे, ब्याण्णव राहू दे. मी घालवलेत ते मला दिसू दे."

त्यानंतर त्या फोन बिनधास्त वापरू लागल्या. भाच्याला दिवसातून तीनदा फोन. मला जेवताना कसले कसले व्हिडिओ. ऐंशीची सोय परत चालू. चार्जरच्या पत्र्यावर त्यांनी पाटी टांगली: फोन ठेवू नये.

शिशाच्या बॅटऱ्या न्यायला ट्रक आला तेव्हा आत्यांनी प्रत्येकीची झाकणं स्वतः तपासली. सासू शेवटी गेली. ट्रकवाल्याला त्यांनी सांगितलं, "सरळ उभी ठेव हिला. आडवी केलीस तर भांडेल."

आणि नव्या गाड्या आल्या. चार्जिंगची जागा आता उघड्यावरच, माल उतरवायच्या धक्क्याजवळ, भिंतीला ओळीनं लावलेल्या चार्जरच्या पेट्या. खोलीला कुलूप लागलं. पॅकिंगच्या टेबलावर आत्यांचं नाव लिहून ठेवलं होतं.

सकाळी त्या पॅकिंगला गेल्या नाहीत. जेवणाच्या हॉलमधून प्लास्टिकची खुर्ची आणली, भिंतीवरच्या पेट्यांसमोर ठेवली आणि बसल्या. एप्रन तोच.

पहिला ड्रायव्हर उतारावरून भरलेला माल खाली आणून थेट पेटीपाशी आला. प्लग काढायला हात पुढे केला.

"हात मागे," आत्या म्हणाल्या. "गाडी तापलीय. हात लावून बघ."

"आत्या, आता तो नियम गेला. कंपनीवाला म्हणाला, कधीही लावा."

"तोच कंपनीवाला म्हणाला, उष्णता नको. दोन्ही ऐकायचं की सोयीचं ऐकायचं?"

ड्रायव्हर थांबला. त्याच्या मागे दुसरा आला. मग तिसरा. तीन गाड्या उभ्या, कुणी प्लग लावत नाही. कुणीतरी साहेबांना सांगायला गेलं.

साहेब आले. मीही टेबल सोडून आले. आता पुढे काय होणार ते मला बघायचंच होतं.

"आत्या, तुम्ही पॅकिंगला असायला हवं होतं."

"हो."

"मग?"

"साहेब, या तीन गाड्या तापलेल्या आहेत. मी उठले की हे लावतील. सांगा, उठू?"

साहेबांनी गाडीच्या बाजूला हात ठेवला. लगेच काढून घेतला. त्यांनी ड्रायव्हरांकडे बघितलं. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होते.

"या जागेला पदच नाही," साहेब म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता. "कागदावर असं कामच नाही, आत्या. मी काय करू?"

"तुम्ही कागद करा. नाहीतर मला काढून टाका. मधलं काही मला जमत नाही."

"किती वेळ बसणार अशा?"

"मला सुट्टी होईपर्यंत. उद्या परत."

साहेब परत गेले. त्यांनी कागद केला नाही, आणि काढूनही टाकलं नाही. पॅकिंगच्या टेबलावरचं नाव एका आठवड्यानं कुणीतरी काढून टाकलं.

आत्या अजून तिथंच बसतात. पगार कुठल्या खात्यातून निघतो, ते विचारायला कुणी जात नाही. काल भाचा गाडी घेऊन आला, घाईत होता, प्लग आधीच हातात.

"किती वेळ थांबू?" त्यानं विचारलं.

आत्यांनी गाडीवर पालथा हात ठेवला आणि गाडी निवायची वाट बघत तो तसाच ठेवला. भाचा प्लग हातात घेऊन उभा राहिला.